घरचा डॉक्टर कसा घडतो, आणि तो घडला हे कसे ओळखावे

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वैद्यकीय शिक्षण समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गतवर्षी याच सभेत दोन प्रश्न विचारले गेले होते. आपल्या एका देणगीदार सद्गृहस्थांनी विचारले, "फॅमिली डॉक्टर तयार करणारे निवासी प्रशिक्षण आपल्या रुग्णालयात का सुरू करू नये? खर्चाची चिंता नको." त्यावर मागच्या रांगेतून एका रुग्णाच्या वयोवृद्ध आईने विचारले, "पण तो डॉक्टर नीट तयार झाला की नाही, हे आम्हांला कसे कळायचे?" पहिल्या प्रश्नाचे त्या सभेत टाळ्यांनी स्वागत झाले. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणे आम्हां कोणालाच जमले नाही. विश्वस्त मंडळाने तो प्रश्न आमच्या समितीकडे सोपविला, आणि गेले वर्षभर आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करीत आहोत. त्या विचारातून जे हाती लागले, ते आज आपणांसमोर नम्रपणे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या गावाविषयी थोडेसे. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत पाच लाखांहून थोडी अधिक असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली. एकीकडे उत्तन, चौक, पाली येथील कोळीवाडे आणि राई, मुर्धे, मोर्वा ही जुनी गावे. दुसरीकडे भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, काशीमिऱ्याच्या डोंगराकडचे आदिवासी पाडे आणि मीरा रोडच्या उंच इमारती. मिठागरांच्या काळात भाईंदरमध्ये जो एखादा डॉक्टर असे, तो घरातल्या तीन पिढ्यांना नावानिशी ओळखत असे. आज दर नाक्यावर दवाखाना आहे आणि विशेषज्ञांच्या पाट्यांनी इमारती भरल्या आहेत. तरीही छातीत दुखू लागले तर हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे, पोटाच्या डॉक्टरकडे जावे की घरी पडून राहावे, हा निर्णय घाबरलेल्या कुटुंबाला स्वतःच घ्यावा लागतो. तो निर्णय त्यांच्या वतीने घेणारा, आणि घेतल्यावर त्यांच्या पाठीशी राहणारा माणूस म्हणजे फॅमिली डॉक्टर होय.

हे काम वाटते तितके सोपे नाही. विशेषज्ञाकडे येणारा रुग्ण बहुधा अगोदर कोणीतरी पाहिलेला, चाळलेला असतो. फॅमिली डॉक्टरकडे मात्र आजार पहिल्या दिवशी येतो. त्या वेळी डेंग्यूचा ताप आणि साधा ताप सारखेच दिसतात. शंभरांतले बहुसंख्य रुग्ण आपोआप बरे होणारे असतात, आणि त्यांतल्याच दोघा-तिघांना ताबडतोब रुग्णालयात पाठवावयाचे असते. हे दोघे-तिघे ओळखण्याची विद्या पुस्तकातून अर्धीच मिळते. उरलेली अर्धी मिळविण्यासाठी पुष्कळ रुग्ण पाहावे लागतात आणि ते पाहताना शेजारी जाणते कोणीतरी बसलेले असावे लागते.

हा प्रश्न आमच्यासाठी केवळ तात्त्विक राहिलेला नाही. काही वर्षांपूर्वी भांड्यांना पॉलिश करणारा एक तरुण कारागीर खोकला घेऊन आपल्याच बाह्यरुग्ण विभागात आला. दहा आठवड्यांत तो चार वेळा आला आणि चारही वेळा त्याला निराळा तरुण डॉक्टर भेटला. पहिल्याने खोकल्याचे औषध दिले. दुसऱ्याने प्रतिजैविक लिहून दिले. तिसऱ्याने कारखान्यातील धुळीला दोष देऊन तोंडाला फडके बांधण्यास सांगितले. चौथ्याने वजन घटल्याचे पाहून शक्तीच्या गोळ्या दिल्या. दर वेळी नवा केसपेपर निघाला, त्यामुळे प्रत्येक डॉक्टरच्या दृष्टीने तो खोकला नवाच होता. पाचव्या खेपेस बेडक्यातून रक्त पडले, तेव्हा थुंकीची तपासणी झाली आणि क्षयरोगाचे निदान झाले. उपचार पूर्ण करून तो बरा झाला. परंतु तोवर त्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडातील चार वर्षांच्या मुलीलाही क्षयरोग जडला होता. तीही औषधोपचारांनी बरी झाली. मात्र तिचे ते आजारपण टाळता येण्याजोगे होते. नाव न घेता ही हकिकत सांगण्यास त्या पित्याने आम्हांला अनुमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

त्यानंतर आम्ही त्या चारही डॉक्टरांना एकेकटे बोलावून विचारले, "दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर काय करावे?" चौघांनीही क्षणाचा विलंब न लावता अचूक उत्तर दिले: थुंकी तपासावी. त्यांतील दोघे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करीत होते आणि त्यांना या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले असते. ज्ञान होते, परंतु ते रुग्णापर्यंत पोहोचले नाही. आम्ही ज्येष्ठांनी त्या चौघांपैकी एकाच्याही शेजारी बसून त्याला रुग्ण तपासताना एकदाही पाहिले नव्हते. दोष शोधावयाचा तर तो तेथे होता.

आमचा अनुभव एकाकी नाही, हे अभ्यास करू लागल्यावर ध्यानात आले. डॉ. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतील खाजगी डॉक्टरांच्या औषधयोजनांचा अभ्यास करून तो १९९१ साली प्रसिद्ध केला. सुमारे १०० डॉक्टरांनी क्षयरोग या एकाच आजारासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना सांगितल्या होत्या. पुढे २०१५ साली दिल्लीतील एका लहान अभ्यासात आणखी पुढची पायरी गाठली गेली. रुग्णाची भूमिका शिकविलेल्या माणसांना डॉक्टरांकडे पाठविण्यात आले. कागदावर तेच लक्षण मांडून विचारले, तेव्हा बहुतेक डॉक्टरांनी थुंकी किंवा क्ष-किरण तपासणी करू असे सांगितले. तीच लक्षणे घेऊन माणूस समोर बसला, तेव्हा ती तपासणी अगदी थोड्यांनी करविली. याच पद्धतीने मुंबई आणि पाटणा येथे झालेला मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर तीन भेटींपैकी जेमतेम एका भेटीत रुग्णाची योग्य वाट लावली गेल्याचे दिसले. जाणणे आणि करणे यांत जे अंतर असते, ते परीक्षेच्या दालनात दिसत नाही. ते दवाखान्यातच दिसते.

आता प्रशिक्षणाच्या व्यवस्थेकडे वळू. १९४६ सालच्या भोर समितीने देशासाठी सर्वसाधारण डॉक्टर घडविण्यावर भर दिला होता. तरीही पुढील काळात एम.बी.बी.एस. आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केली की दवाखाना थाटण्यास माणूस सिद्ध झाला, असे आपण धरून चाललो. शल्यचिकित्सकाला तीन वर्षे निवासी म्हणून शिकावे लागते, मग सर्व वयांच्या, सर्व अवयवांच्या तक्रारी पहिल्याने ऐकणाऱ्याला ते का लागू नये, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. इंग्लंडमध्ये सामान्य डॉक्टरांचे 'रॉयल कॉलेज' १९५२ साली स्थापन झाले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे दवाखाना चालविण्यापूर्वीचे विशेष प्रशिक्षण बंधनकारक झाले. अमेरिकेत १९६९ साली कुटुंबवैद्यकाचे स्वतंत्र मंडळ उभे राहिले. एकदा मिळालेले प्रमाणपत्र ठरावीक काळानंतर पुन्हा परीक्षा देऊन टिकवावे, असा दंडक त्या मंडळाने आरंभापासूनच घातला.

आपल्याकडे १९७५ साली सुरू झालेल्या आणि १९८२ साली स्वायत्त झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने कुटुंबवैद्यकाचा तीन वर्षांचा डी.एन.बी. अभ्यासक्रम उपलब्ध करून दिला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने या शाखेतील तज्ज्ञांच्या उणिवेकडे स्पष्टपणे लक्ष वेधले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देण्याचे काम पदव्युत्तर शिक्षण मंडळाकडे सोपविण्यात आले, आणि २०२० साली राष्ट्रीय परीक्षा मंडळाने याच विषयाची दोन वर्षांची पदविकाही सुरू केली. हे अभ्यासक्रम वैद्यकीय महाविद्यालयाबाहेरील मान्यताप्राप्त रुग्णालयांतही चालतात. म्हणजेच द्वार उघडे आहे. आपल्यासारख्या रुग्णालयाने त्यातून आत जावे काय, आणि गेल्यास आपले काम चांगले चालले आहे हे कशावरून ठरवावे, एवढाच प्रश्न उरतो.

मान्यता देताना तपासनीस येतात आणि खाटा किती, अध्यापक किती, ग्रंथालय आहे काय, रुग्णसंख्या पुरेशी आहे काय, हे पाहतात. ते पाहिलेच पाहिजे. परंतु हे सारे म्हणजे स्वयंपाकघरातील भांडी मोजण्यासारखे आहे. पानात काय वाढले जाते, हे त्यातून कळत नाही. दुसरे प्रचलित माप म्हणजे परीक्षेचा निकाल. तोही उपयुक्त आहे, परंतु हुशार विद्यार्थी ज्या संस्थेत येतात तिचा निकाल चांगलाच लागतो. त्यात संस्थेचे श्रेय किती आणि विद्यार्थ्यांचे किती, हे निकाल सांगत नाही. अमेरिकन वैद्यक-शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविता येणे आणि प्रत्यक्ष करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्या मोजते. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली मांडलेली, टप्प्याटप्प्याने घेतली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा तिसरी पायरी मोजते. चौथी पायरी मोजावयाची तर कामाच्या जागीच जावे लागते. ब्रिटनमध्ये २००७ पासून सामान्य डॉक्टरांच्या परीक्षेत कामाच्या जागेवरील मूल्यमापनाचा रीतसर समावेश झाला, तो याच कारणाने.

या सर्वांचा विचार करून आमच्या समितीने आपल्या रुग्णालयापुरत्या सहा कसोट्या निश्चित केल्या आहेत.

पहिली कसोटी जागेची. निवासी डॉक्टरचा किती वेळ आंतररुग्ण कक्षात जातो आणि किती बाह्यरुग्ण विभागात व वस्तीतील दवाखान्यात जातो, याची नोंद ठेवावी. ज्याला आयुष्यभर दवाखान्यात बसावयाचे आहे, त्याला तीन वर्षे केवळ खाटांभोवती फिरविले तर ते शिक्षण नव्हे. ती स्वस्तात मिळालेली चाकरी होईल. रात्रपाळ्या भरून काढण्यासाठी निवासी डॉक्टर हवेत, हा हेतू आमच्याही मनात डोकावून गेला, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

दुसरी कसोटी निरीक्षणाची. प्रत्येक निवासी डॉक्टर रुग्ण तपासत असताना ज्येष्ठाने आठवड्यातून किमान एकदा शेजारी बसून पाहावे, आणि रुग्ण गेल्यावर लगेच पाच मिनिटे बोलावे. काय चांगले झाले, काय राहून गेले, एवढेच सांगावे. ही बैठक झाली की नाही, याची वही असावी आणि ती वही विश्वस्तांनी केव्हाही मागवावी.

तिसरी कसोटी सातत्याची. प्रत्येक निवासी डॉक्टरकडे काही कुटुंबे नेमून द्यावीत आणि प्रशिक्षणाच्या पूर्ण काळात त्या कुटुंबांनी शक्यतो त्याच्याकडेच यावे. त्या कारागिराच्या चार भेटी एकाच डॉक्टरकडे झाल्या असत्या, तर तिसऱ्या खेपेस तरी थुंकी तपासली गेली असती, असे आम्हांला वाटते.

चौथी कसोटी कागदपत्रांची. दर तिमाहीस काही केसपेपर चिठ्ठ्या टाकून काढावेत आणि ते न लिहिलेल्या डॉक्टरांनी तपासावेत. लांबलेल्या खोकल्यात थुंकी तपासली काय, रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण पुन्हा आले काय, साध्या सर्दीला प्रतिजैविक दिले काय, विशेषज्ञाकडे पाठविताना कारण लिहिले काय, असे थोडेच प्रश्न असावेत. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पुढे पाठविलेल्या रुग्णांचा नुसता आकडा काहीच सांगत नाही. भित्रा डॉक्टर सर्वांनाच पाठवितो, फाजील आत्मविश्वास असलेला कोणालाच पाठवीत नाही. प्रत्येक प्रसंगाचे कारण वाचावेच लागते.

पाचवी कसोटी रुग्णाच्या अनुभवाची. येथेही मोह टाळावयास हवा. 'डॉक्टर आवडले काय?' असे विचारल्यास सलाईन व इंजेक्शन सढळ हाताने देणारा पहिला येईल. म्हणून प्रश्न निराळे असावेत. आपले बोलणे पुरते ऐकून घेतले काय? आजार कोणता हे आपल्या भाषेत समजावून सांगितले काय? पुन्हा केव्हा यावे आणि कोणते लक्षण दिसल्यास वाट न पाहता यावे, हे सांगितले काय? आपल्या गावात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू बोलणारी माणसे एकाच बाकावर बसलेली असतात. ज्या डॉक्टरला त्यांच्याशी बोलता येत नाही, त्याचे निदान अर्ध्यावरच अडखळते.

सहावी कसोटी काळाची, आणि तीच सर्वांत कठीण. प्रशिक्षण संपल्यावर पाच वर्षांनी तो डॉक्टर कोठे आहे? दवाखान्यात बसून कुटुंबांची देखभाल करतो आहे, की याच प्रशिक्षणाची पायरी करून अन्य शाखेत निघून गेला? दुसरे घडल्यास त्याला दोष देता येणार नाही. परंतु आपल्या हेतूच्या दृष्टीने ते अपयश आहे, असे आपण अहवालात लिहिले पाहिजे.

आता खर्चाविषयी. या सहा कसोट्यांसाठी यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही. लागतो तो ज्येष्ठ डॉक्टरांचा वेळ, आणि रुग्णालयात याहून महाग वस्तू नाही. शेजारी बसलेला ज्येष्ठ त्या वेळात स्वतःचे रुग्ण तपासू शकत नाही, म्हणून त्या वेळेचे मानधन रुग्णालयाने द्यावे लागेल. आमच्या देणगीदारांना आम्ही हात जोडून सांगू इच्छितो की, खाटेवर, कक्षावर, यंत्रावर आपले नाव कोरता येते. शेजारी बसण्याच्या तासावर ते कोरता येत नाही. तरीही आमचे मागणे त्या तासांसाठीच आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक शब्द. शिकाऊ डॉक्टर आपल्या माणसाला तपासणार, या विचाराने मन साशंक होणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रशिक्षण सुरू झाल्यास दारावर तसा स्पष्ट फलक असेल, प्रत्येक वेळी आपली संमती विचारली जाईल आणि आपण नकार दिल्यास उपचारांत तसूभरही फरक पडणार नाही. परंतु आपण संमती द्याल, तर उद्या आपल्याच गल्लीत बसणारा एक डॉक्टर घडविण्यात आपलाही वाटा असेल.

आमच्या समितीची शिफारस अशी आहे की, यंदा मान्यतेसाठी अर्ज करू नये. प्रथम एक वर्ष या सहापैकी पहिल्या पाच कसोट्या आपल्याच बाह्यरुग्ण विभागाला, आज काम करणाऱ्या आपल्याच डॉक्टरांना लावाव्यात. आम्हां ज्येष्ठांनाही लावाव्यात. जे आम्ही स्वतः करीत नाही, ते शिकविण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्या वर्षाच्या अखेरीस विश्वस्त मंडळाने निष्कर्ष पाहून अर्जाचा निर्णय घ्यावा. ज्या सद्गृहस्थांनी खर्चाचा भार उचलण्याची तयारी दाखविली, त्यांनी या विलंबाबद्दल आम्हांला उदार मनाने क्षमा करावी.

ही शिफारस विश्वस्त मंडळाने स्वीकारल्यास पुढील वार्षिक अहवालात एक नवे पान आपणांस दिसेल. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेले किती रुग्ण वर्षभरात आपल्याकडे आले आणि त्यांपैकी कितींची थुंकी पहिल्याच भेटीत तपासली गेली, हे दोन आकडे त्या पानावर छापलेले असतील. ते लज्जास्पद निघाले तरीही छापले जातील, असे वचन आम्ही आज आपणांस देत आहोत. गतवर्षी मागच्या रांगेतून ज्या माउलींनी प्रश्न विचारला, त्यांना आमचे उत्तर एवढेच आहे. त्या आजही सभेस उपस्थित आहेत. त्यांनी पुढील वर्षी ते पान प्रथम उघडावे आणि आम्हांला जाब विचारावा, ही विनंती.